कोअॅक्सची तिसरी वाट : बॅलन आणि कॉमन-मोड चोक यांचा आढावा

कोअॅक्स केबलमध्ये वाहक किती, असे विचारले तर हॅम (हौशी रेडिओ) परवान्याच्या परीक्षेला बसणारा कोणीही ‘दोन’ म्हणेल : मधली तार आणि तिच्याभोवतीची जाळी. मल्टिमीटरचेही मत तेच. पण रेडिओच्या वारंवारतेवर तीच केबल तीन वाहकांची होते. उच्च वारंवारतेचा प्रवाह धातूच्या पोटात शिरत नाही, पृष्ठभागालगतच्या पातळ थरातून वाहतो. तांब्यात ७ मेगाहर्ट्झला या थराची जाडी सुमारे २५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा चाळिसावा भाग भरते. चांगल्या कोअॅक्सची जाळी याहून बरीच जाड असते. त्यामुळे जाळीच्या आतल्या अंगाचा प्रवाह आणि बाहेरच्या अंगाचा प्रवाह एकाच तांब्यावर असूनही परस्परांपासून अलग राहतात. आतल्या अंगाची जोडी मधल्या तारेशी. त्या दोघांतले प्रवाह समान आणि उलट, त्यांचे क्षेत्र केबलच्या आत कोंडलेले. बाहेरचे अंग उघड्यावर असते आणि कोणत्याही साध्या तारेसारखे अँटेनाचेच काम करते. बॅलन (संतुलित अँटेना आणि असंतुलित केबल यांना जोडणारा घटक) आणि कॉमन-मोड चोक (जाळीच्या बाहेरच्या अंगावरचा प्रवाह अडवणारा घटक) यांच्याबद्दल गेल्या ऐंशी वर्षांत जे लिहिले, मोजले आणि भांडले गेले, ते बहुतेक सगळे या तिसऱ्या वाटेबद्दल आहे. बराच काळ ते तसे कोणाच्या लक्षात आले नव्हते, एवढेच.

ही वाट उघडते केबल जिथे संपते तिथे. ४० मीटर बँडसाठी ताणलेला साधा डायपोल घ्या : दोन्ही बाजूंना दहा-दहा मीटर तार, मध्ये कोअॅक्स. मधल्या तारेतून आलेला प्रवाह एका बाहूत जातो, त्याला दुसरीकडे जायला जागाच नाही. जाळीच्या आतल्या अंगावरच्या प्रवाहाला टोकाशी पोचल्यावर दोन वाटा दिसतात : दुसरा बाहू, किंवा कडेवरून वळून जाळीच्या बाहेरच्या अंगावरून खाली. तो दोन्हीकडे वाटला जातो. कुठे किती, हे दोन वाटांचे इम्पीडन्स ठरवतात. आपण दोन बाहूंचा डायपोल बांधला अशा समजुतीत असतो आणि गच्चीवर उभा असतो तीन बाहूंचा अँटेना. त्याचा तिसरा बाहू भिंतीवरून उतरून, खिडकीतून आत येऊन रिगला (रेडिओ संचाला), पॉवर सप्लायला, संगणकाला आणि घराच्या अर्थिंगला भिडलेला असतो.

या तिसऱ्या बाहूचा इम्पीडन्स केबलच्या लांबीनुसार बदलतो, आणि बॅलनविषयीचे निम्मे वाद इथूनच निघतात. केबलचे खालचे टोक जमिनीला जोडलेले आहे असे समजा. केबल पाव तरंगलांबीची, म्हणजे ४० मीटर बँडला दहाएक मीटर असेल, तर फीडपॉइंटवरून, म्हणजे केबल अँटेनाला जिथे जोडली तिथून, पाहता बाहेरची वाट जवळजवळ बंद दिसते. तीच केबल वीस मीटरची, अर्ध्या तरंगलांबीची झाली की वाट सताड उघडी. (कोअॅक्सचा ०.६६ हा वेग-गुणक इथे लावायचा नसतो. तो आतल्या प्लॅस्टिकमुळे येतो. बाहेरच्या अंगाला फक्त वरच्या आवरणाचा किरकोळ परिणाम भोगावा लागतो.) दुसऱ्या मजल्यावर राहणारा एक हॅम ‘मी बॅलनशिवाय दहा वर्षे चालवतोय’ म्हणतो, पाचव्या मजल्यावरच्या दुसऱ्याला तोच डायपोल छळतो, आणि दोघेही खरे बोलत असतात. केबल बदलली, लांबवली किंवा हाताने धरली आणि एसडब्ल्यूआरचा (केबल आणि अँटेना किती जुळतात त्याच्या मापाचा) काटा हलला, तर बाहेरच्या अंगावर प्रवाह आहे याचा तो सर्वांत स्वस्त पुरावा.

आता या प्रवाहाने बिघडते काय, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे, कारण पुस्तकांत यातली एक गोष्ट फुगवून सांगितली जाते. अँटेनाचा दिशाक्रम बिघडतो, हे खरे. यागी किंवा हेक्सबीमसारख्या दिशादर्शी अँटेनात मागच्या बाजूची शांतता केबलच्या प्रारणाने भरून निघते आणि इतक्या खर्चाने उभारलेल्या बूमचा अर्थ कमी होतो. पण जमिनीपासून आठ मीटरवर बांधलेल्या ४० मीटर डायपोलची ऊर्जा तशीही बरीचशी सरळ वर जाते. सकाळच्या नेटवर (हॅमच्या ठरल्या वेळच्या रेडिओ-बैठकीत) पुण्याहून नागपूर गाठायचे असेल तर केबलने थोडे प्रारण केले काय, न केले काय, पलीकडच्याला फरक कळणार नाही. फक्त या कारणासाठी कोणी महागडा बॅलन विकत असेल तर तो जरा जास्तच बोलतो आहे.

खोलीत येणारी रेडिओ-ऊर्जा ही अधिक खरी अडचण. मायक्रोफोनच्या धातूच्या जाळीला ओठ लागला की चटका बसतो, एसएसबीचा आवाज घोगरा होतो, शेजाऱ्याच्या स्पीकरमधून आपले बोलणे ऐकू येते. २०१७ मध्ये संगणकावरून चालणारी एफटी८ ही डिजिटल पद्धत आली आणि प्रत्येक रिगला यूएसबीची दोरी लागली. प्रेषण सुरू होताच संगणकाला साउंडकार्ड दिसेनासे होणे ही तक्रार तेव्हापासून नित्याची झाली. दोष ड्रायव्हरवर जातो. बहुतेक वेळा गुन्हेगार कोअॅक्सवरून चालत आलेला असतो.

आणि तिसरी गोष्ट, शहरात राहणाऱ्यासाठी माझ्या मते सर्वांत मोठी, ती प्रेषणाची नसून ऐकण्याची आहे. वाट दुहेरी असते. जो प्रवाह फीडपॉइंटवरून खाली उतरू शकतो तो खालून वरही चढू शकतो. घरातले एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, वॉशिंग मशीनचा इन्व्हर्टर, गच्चीवरच्या सौर पॅनेलचा कंट्रोलर, सेट-टॉप बॉक्सचा अडॅप्टर या सगळ्यांची वीज आज स्विचिंग पद्धतीची आहे आणि यांतले प्रत्येक उपकरण वायरिंगमध्ये खरखर सोडते. ती खरखर रिगच्या अर्थिंगवरून केबलच्या बाहेरच्या अंगावर चढते, फीडपॉइंटला पोचते, तिथून कडेवरून आत वळते आणि सिग्नल म्हणून रिसीव्हरमध्ये उतरते. म्हणजे इमारतीपासून लांब, उंचावर नेलेला अँटेनासुद्धा केबलमार्फत इमारतीच्या पोटातलेच ऐकत राहतो. मुंबई-ठाण्याच्या सोसायट्यांत ‘४० मीटरवर एस-९चा गोंगाट आहे’ असे म्हणून जे हॅम रेडिओ गुंडाळून ठेवतात, त्यांच्यापैकी काहींचा गोंगाट आकाशातला नसून जाळीवरचा असतो. सगळा गोंगाट चोकने जात नाही. शेजारच्या वायरिंगमधून थेट अँटेनावर पडणाऱ्या खरखरीला चोक काही करू शकत नाही. पण केबलवरून येणारा भाग तो खरोखर थोपवतो.

हा प्रश्न हौशी रेडिओच्या पहिल्या पिढीला पडला नव्हता. १९२०-३०च्या दशकांत अँटेनापर्यंत समांतर दोन तारा जात, चिनीमातीच्या किंवा लाकडी पट्ट्यांनी अलग ठेवलेल्या. प्रेषकाच्या शेवटच्या कॉइलशी त्यांची जोडणी सैल वेटोळ्याने होई. दोन्ही बाजू सारख्याच. तिसरी वाट जवळजवळ नव्हतीच. कोअॅक्सवर बेल लॅब्जमध्ये लॉइड एस्पेनशिड आणि हर्मन अॅफेल यांनी १९२९च्या सुमारास काम केले, पण हॅमच्या हाती ती मुबलक आली दुसऱ्या महायुद्धानंतर, लष्करी उरलेल्या मालातून. वाकवायला सोपी, भिंतीला लावता येणारी, पावसाची पर्वा न करणारी. अमेरिकेत टीव्ही घरोघरी पोचला तशी हस्तक्षेपाची भांडणे वाढली, प्रेषक धातूच्या बंद पेटीत गेले, त्यांचे आउटपुट एकतारी झाले. संतुलित अँटेना आणि असंतुलित केबल यांचे लग्न लागले ते या सोयीपोटी. मध्यस्थ म्हणून बॅलन आला.

मध्यस्थाची मूळ कल्पना मात्र आधीच तयार होती. स्वित्झर्लंडच्या ब्राऊन बोव्हेरी कंपनीतल्या गुस्ताव ग्वानेलाने १९४४ मध्ये कंपनीच्याच नियतकालिकात दाखवून दिले की दोन तारांची प्रेषण-ओळ गुंडाळून वेटोळे केले, तर तिच्यातून जाणाऱ्या समान-उलट प्रवाहांना काहीच अडथळा होत नाही, पण दोन्ही तारांतून एकाच दिशेने जाऊ पाहणारा प्रवाह अडतो. आजचा प्रत्येक चोक या एका वाक्यावर उभा आहे. १९५९ मध्ये बेल लॅब्जच्या क्लाइड रुथ्रॉफने फेराइटवर गुंडाळलेल्या छोट्या, विस्तृत पट्ट्याच्या ट्रान्सफॉर्मरांवर लेख लिहिला, आणि हौशी जगताने दुर्दैवाने आधी रुथ्रॉफला उचलले. पुढची वीस-पंचवीस वर्षे बाजारात आणि मासिकांत ज्याला बॅलन म्हटले गेले तो बहुधा रुथ्रॉफच्या जातीचा होता.

दोन जातींतला फरक समजला की निम्मा विषय समजला. रुथ्रॉफच्या पद्धतीचा बॅलन दोन्ही बाहूंना जमिनीच्या तुलनेत समान आणि उलट व्होल्टेज देतो. दोन्ही बाहू तंतोतंत सारखे असतील तर प्रवाहही समान येतात. पण एक बाहू पाण्याच्या टाकीवरून आणि दुसरा आंब्याच्या झाडात शिरलेला असेल, तर समान व्होल्टेज असमान प्रवाह ढकलते, आणि उरलेला फरक तिसऱ्या वाटेनेच परततो. ग्वानेलाच्या जातीचा बॅलन व्होल्टेजची फिकीर करत नाही. एका बाहूत जितका प्रवाह गेला तितकाच दुसऱ्यातून यायला भाग पाडतो. प्रारण प्रवाहाने होते, तेव्हा हवे ते हेच. पहिल्याला व्होल्टेज बॅलन, दुसऱ्याला करंट बॅलन म्हणतात. आणि १:१ करंट बॅलन म्हणजे फीडपॉइंटला लावलेला कॉमन-मोड चोक. दोन्ही नावे एकाच वस्तूची आहेत.

हे हॅमच्या गळी उतरवायला १९८०चे दशक उजाडावे लागले. टायरॉस या पहिल्या यशस्वी हवामान-उपग्रहाच्या अँटेनावर आरसीएमध्ये काम केलेले वॉल्टर मॅक्सवेल (डब्ल्यू२डीयू) यांनी मार्च १९८३च्या ‘क्यूएसटी’ मासिकात बॅलनचा प्रश्न मुळापासून मांडला आणि एक हास्यास्पद वाटावा इतका साधा उपाय दिला : पातळ टेफ्लॉन कोअॅक्सचा हातभर तुकडा घ्या आणि त्यावर फेराइटचे ५० मणी ओवा. ट्रान्सफॉर्मर नाही, गुंडाळणी नाही. आतल्या सिग्नलला मणी दिसतच नाहीत. बाहेरच्या प्रवाहाला मात्र प्रत्येक मणी आडवा येतो. दोन वर्षांनी रॉय लेवॅलन (डब्ल्यू७ईएल) यांनी एआरआरएल या अमेरिकी हौशी रेडिओ संघटनेच्या ‘अँटेना कंपेंडियम’च्या पहिल्या खंडात प्रत्यक्ष डायपोल उभारून, वेगवेगळे बॅलन लावून दोन्ही बाहूंतले आणि केबलवरचे प्रवाह मोजून दाखवले. करंट जातीचा बॅलन सरस ठरला. एवढे होऊनही व्होल्टेज बॅलन आजही अनेक ट्यूनरांच्या पोटात बसलेला सापडतो, कारण तो स्वस्त पडतो.

मण्यांच्या माळेची एक मर्यादा आहे. मणी जितके, तितक्या पटीत रोध. ५० मणी म्हणजे पन्नास पट. पण केबल एकाच टोरॉइडमधून (फेराइटच्या कड्यातून) पुन्हापुन्हा ओवली तर रोध वळशांच्या वर्गाने वाढतो. सात वळसे म्हणजे एकोणपन्नास पट. म्हणून आजचे चोक बहुधा ६१ मिलिमीटर व्यासाच्या टोरॉइडवर आरजी-४००सारखी पातळ टेफ्लॉन कोअॅक्स, किंवा दोन इन्सुलेटेड तारांची जोडी, बँडप्रमाणे दहा ते सोळा-सतरा वळसे देऊन गुंडाळतात. यापुढे वाढवत गेले तर वळशांमधली धारिता आड येते. चोक खालच्या बँडला चांगला आणि वरच्या बँडला कुचकामी होतो. जो रीसर्ट (डब्ल्यू१जेआर) यांनी १९७८ मध्ये दाखवलेली, अर्धे वळसे टोरॉइडच्या समोरच्या बाजूला उलटवून नेण्याची पद्धत दिसायला देखणी आहे आणि तिच्यामुळे दोन टोके समोरासमोर येतात. पेटीत बसवायला सोय होते. कामगिरीत फार फरक पडतो असे नाही.

मग पुरेसा रोध म्हणजे किती? जुना नियम होता दहापट : ५० ओहमच्या केबलला ५०० ओहम. तो आता टाकून द्यावा असे माझे मत आहे, आणि कारण साध्या गणितात आहे. १०० वॉट, ५० ओहम म्हणजे फीडपॉइंटला सुमारे ७१ व्होल्ट. सममित डायपोलमध्ये याचे निम्मे, ३५ व्होल्ट, चोकच्या वाट्याला येऊ शकतात. चोक ५०० ओहमचा आणि निव्वळ रोधी असेल तर त्यातून ७० मिलिअँपिअर वाहतात आणि अडीच वॉट उष्णता होते. चोक ५००० ओहमचा केला तर प्रवाह ७ मिलिअँपिअर आणि उष्णता पाव वॉट. शक्ती ४०० वॉट केली तर हेच आकडे दहा वॉट आणि एक वॉट. म्हणजे जास्त अडवणारा चोक कमी तापतो. ‘जड काम आहे, जरा हलका चोक लावू’ हा विचार नेमका उलटा आहे : हलका चोकच जळतो. तापला की त्याची पारगम्यता ढासळते, रोध घटतो, प्रवाह वाढतो, आणखी तापतो. १३० अंश सेल्सियसच्या पुढे-मागे काही सामान्य फेराइट चुंबकीय राहतच नाहीत. दहा मिनिटे बोलल्यावर एसडब्ल्यूआर हळूहळू चढू लागला तर हा संशय घ्यावा.

पाच हजार ओहम हे लक्ष्य जिम ब्राऊन (के९वायसी) यांनी रूढ केले. फेराइट, चोक आणि हस्तक्षेप यांवरची त्यांची पुस्तिका हॅमच्या कामाच्या टेबलावर सर्वांत जास्त मळलेली असते. त्यांचा दुसरा आग्रह आकड्याहून महत्त्वाचा आहे : चोकचा इम्पीडन्स रोधी हवा, प्रेरकी नव्हे. केबलचे बाहेरचे अंग तिच्या लांबीनुसार कधी प्रेरकी, कधी धारकी दिसते. समजा ते ५०० ओहम धारकी आहे आणि आपण लावलेला चोक ५०० ओहम प्रेरकी. दोघे एकमेकांना रद्द करतात, आणि चोक लावल्यावर केबलवरचा प्रवाह आधीपेक्षा वाढतो! रोधी भागाला असे कोणी रद्द करू शकत नाही.

कोअॅक्सचेच हवेतले वेटोळे करून पीव्हीसी पाइपवर बांधायची जी लोकप्रिय युक्ती आहे, तिचे दुखणे हेच. १२ मायक्रोहेन्रीचे वेटोळे ७ मेगाहर्ट्झला ५२८ ओहम देते, ३.५ला त्याच्या निम्मे, आणि दोन्ही ठिकाणी जवळजवळ निव्वळ प्रेरकी. स्वतःच्या अनुनादाजवळ ते उत्तम अडवते, पण ती पट्टी अरुंद असते. ब्रिटनचे स्टीव्ह हंट (जी३टीएक्सक्यू) यांनी अनेक प्रकारचे चोक मोजून रंगीत पट्ट्यांचा जो तक्ता केला, त्यात हे नजरेत भरते : हवेतल्या वेटोळ्यांची चांगल्या रोधाची हिरवी पट्टी एखाद्या बँडापुरती, चांगल्या फेराइटची निम्म्या एचएफवर पसरलेली. एकाच बँडवर काम करणाऱ्याने, मोजून केले असेल तर, वेटोळे वापरायला हरकत नाही. ते फुकट आहे आणि तापत नाही.

फेराइट म्हणजे लोखंडाच्या ऑक्साइडमध्ये जस्त आणि निकेल किंवा मँगनीज मिसळून भट्टीत भाजलेली चिनीमातीसारखी वस्तू. १९३० मध्ये टोकियोत योगोरो काटो आणि ताकेशी ताकेई यांनी ती शोधली. ती विकण्यासाठीच १९३५ मध्ये टीडीके कंपनी निघाली. आज हॅमच्या तोंडी असतात ते मिश्रणांचे क्रमांक. ३१ नंबर मँगनीज-जस्ताचा, १६० मीटरपासून मधल्या बँडांपर्यंत चोकसाठी पहिली पसंती, कारण या पट्ट्यात तो भरपूर ऊर्जा खातो आणि रोधी राहतो. ४३ नंबर निकेल-जस्ताचा, वरच्या बँडांना चांगला. ५२ आणि ६१ कमी खाणारे. इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे : चोकला खादाड फेराइट लागतो, ट्रान्सफॉर्मरला मिताहारी. इम्पीडन्स बदलण्यासाठी ज्यातून सगळी शक्ती जाणार त्यात खादाड फेराइट घातला तर सिग्नल गाभ्यातच मुरतो.

आपल्याकडे खरा प्रश्न फेराइट मिळण्याचा आहे. आयात केलेला एक खात्रीचा टोरॉइड टपाल आणि सीमाशुल्क धरून बराच महाग पडतो, म्हणून मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात तपकीर गल्ली पालथी घातली जाते. तिथे संगणकाच्या जुन्या पॉवर सप्लायमधून काढलेले पिवळे-पांढरे टोरॉइड ढिगाने मिळतात. ते घेऊ नका. ते लोखंडी पुडीचे असतात, पारगम्यता कमी. त्यावर चोक करणे म्हणजे हवेत वेटोळे केल्यासारखेच. वीजवाहिनीच्या फिल्टरमधले जाड करडे टोरॉइड फेराइटचे असतात, पण किलोहर्ट्झच्या कामासाठी घडवलेले. ७ मेगाहर्ट्झला कसे वागतील हे मोजल्याशिवाय सांगता येत नाही. क्रमांक नसलेल्या गाभ्याबद्दल दुकानदाराचा शब्द घेण्यात अर्थ नाही.

मोजणे आता अवघड राहिलेले नाही. नॅनोव्हीएनए नावाचा खिशात मावणारा मापक २०१९च्या सुमारास स्वस्तात पसरला आणि पूर्वी प्रयोगशाळेतच होणारे काम स्वयंपाकघराच्या ओट्यावर होऊ लागले. फक्त एका पोर्टला चोक लावून थेट इम्पीडन्स वाचायचा मोह आवरावा. हजारो ओहमच्या मापात ती पद्धत भरकटते. दोन पोर्टांच्या मध्ये चोक मालिकेत जोडावा, म्हणजे एका टोकाच्या दोन्ही तारा एकत्र पिळून पहिल्या पोर्टला, दुसऱ्या टोकाच्या दोन्ही एकत्र दुसऱ्याला, आणि पलीकडे किती सिग्नल पोचतो ते पाहावे. ५०० ओहमचा चोक सुमारे १५.६ डेसिबल घट दाखवतो, १००० ओहमचा २०.८, आणि ५००० ओहमचा ३४. जोडतारा दोन-तीन सेंटीमीटरहून लांब नकोत. जो बॅलन ३० डेसिबलच्या आसपास फिरकत नाही, त्याच्या पेटीवर किलोवॉट छापलेले असो, त्याला चोक म्हणू नये.

गुणोत्तराचे, म्हणजे इम्पीडन्सही बदलणारे, बॅलन हा वेगळा प्रांत, आणि इम्पीडन्स बदलणे व बाहेरचा प्रवाह अडवणे ही दोन कामे एका पेटीत कोंबल्याने तो गुंतागुंतीचा झाला आहे. आपल्याकडच्या एका पिढीने ४:१ बॅलन नकळत हाताळला आहे : दूरदर्शनच्या गच्चीवरच्या अँटेनाचा ३०० ओहमचा दुमडलेला डायपोल, त्यावरून उतरणारी चपटी दुतारी रिबन, आणि टीव्हीमागे ७५ ओहमच्या भोकात खुपसलेली ती छोटी डबी. तिच्यात दोन भोकांचा इवलासा फेराइट असे. हॅमचा व्हीएचएफ यागी हेच काम फेराइटशिवाय करतो : अर्ध्या तरंगलांबीचे कोअॅक्सचे कडे, १४५ मेगाहर्ट्झला साध्या पॉलिथीन कोअॅक्सचे सुमारे ६८ सेंटीमीटर. एचएफवर ४:१ हवा असेल तर ग्वानेलाची रचना घ्यावी, दोन वेगळ्या गाभ्यांवरचे दोन चोक, एका बाजूला समांतर, दुसऱ्या बाजूला मालिकेत. एकाच गाभ्यावरचा रुथ्रॉफ ४:१ स्वस्त असतो आणि तिसरी वाट तशीच उघडी ठेवतो. शिडीसारखी दुतारी ओळ ट्यूनरला जोडताना तर ४:१ची सवयच सोडावी. ओळीचा इम्पीडन्स बँडागणिक पाच ओहमपासून हजारोंपर्यंत कुठेही असू शकतो. त्याला आंधळेपणाने चारने भागून ट्यूनरचे काम सोपे होईलच याची खात्री नाही. चांगला १:१ चोक पुरतो.

मध्यापासून बाजूला सरकवून जोडलेल्या डायपोलची गोष्ट अधिक कडक आहे. तारेच्या एक-तृतीयांशावर इम्पीडन्स २०० ओहमच्या घरात असतो, म्हणजे १०० वॉटला १४१ व्होल्ट, आणि दोन बाहू मुळातच असमान. तिथे चोकवर पडणारा भार साध्या डायपोलच्या कितीतरी पट. असे अँटेना चालवणाऱ्यांचे बॅलन जळतात ते कमनशिबाने नव्हे. ४:१ ट्रान्सफॉर्मर आणि त्याखाली वेगळा, दणकट १:१ चोक असे दोन तुकडे केल्यास निभावते.

टोकाला जोडलेल्या अर्ध्या तरंगलांबीच्या तारेने गेल्या दशकात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या हॅमला वाचवले आहे. गॅलरीच्या कठड्यापासून समोरच्या झाडापर्यंत वीस मीटर तार, ४९:१चा ट्रान्सफॉर्मर, संपले काम. ट्रान्सफॉर्मर सुमारे अडीच हजार ओहमचे पन्नास करतो. पण टोकाला जोडला तरी प्रवाहाला परतीची बाजू लागतेच, आणि वेगळी तार दिली नाही तर ती बाजू कोअॅक्सची जाळी घेते. इथे ट्रान्सफॉर्मरला चिकटून चोक लावणे म्हणजे परतीचा एकमेव रस्ता बंद करणे. ट्रान्सफॉर्मरपासून तरंगलांबीच्या विसाव्या भागाइतकी, म्हणजे ४० मीटरला दोन मीटर, केबल मोकळी सोडावी आणि त्यानंतर चोक लावावा. किंवा दोन मीटरची वेगळी तार देऊन मग चोक ट्रान्सफॉर्मरजवळ आणावा. या अँटेनाला ‘प्रतितार लागत नाही’ अशी जी जाहिरात होते, तिच्यातली प्रतितार तुमच्या रिगच्या पाठीमागून जात असते.

फीडपॉइंटचा चोक कितीही चांगला असला तरी तो फक्त थेट जोडणीतून येणारा प्रवाह अडवतो. केबल एका बाहूला समांतर किंवा तिरकी ओढली असेल तर अँटेनाचे क्षेत्र तिच्यावर प्रवाह प्रेरित करते, चोकच्या खालच्या भागावर, जिथे चोकचा अंमल चालत नाही. जमेल तितके अंतर केबल काटकोनात खाली आणावी, आणि रिगजवळ, घरात शिरण्याच्या ठिकाणी, दुसरा चोक लावावा. घरातली खरखर वर चढते ती याच दारातून, त्यामुळे ऐकण्यासाठी हा दुसरा चोक कधीकधी पहिल्याहून जास्त कामाचा ठरतो. यूएसबी आणि पॉवर सप्लायच्या तारांनाही हाच न्याय.

कोकणात आणि मुंबईत बॅलनचा शत्रू मात्र विद्युतशास्त्राबाहेरचा आहे. पावसाचे पाणी कोअॅक्सच्या उघड्या टोकातून जाळीत शिरते आणि जाळीच्या विणीतून केशाकर्षणाने कित्येक मीटर आत जाते. पुढच्या उन्हाळ्यात केबल हिरवी-काळी निघते आणि दोष बॅलनला दिला जातो. पेटीचे जोड खाली तोंड करून ठेवावेत, केबल पेटीत शिरण्याआधी तिला एक लोंबता वळसा द्यावा, जोडांवर आपोआप चिकटणारी रबर-टेप ताणून गुंडाळावी, आणि पेटीच्या तळाला एक बारीक भोक मुद्दाम पाडावे. पूर्ण बंद पेटीत दमट हवा थंड होऊन पाणी साचते.

नव्याने अँटेना उभारणाऱ्याला माझा सल्ला गुणोत्तर विसरण्याचा आहे. साध्या डायपोलला १:१ करंट बॅलन, ३१ नंबरच्या गाभ्यावर, हाताने केलेला. एक फीडपॉइंटला, एक घराच्या दारात. दुसऱ्यासाठी पैसे उरत नसतील आणि फक्त स्थानिक नेट ऐकायचे असेल, तर पहिला दारात लावून पाहा. बऱ्याच जागी तेवढ्याने भागते.

आणि क्लब चालवणाऱ्यांना एक विनंती. पुढच्या बैठकीला व्याख्यान ठेवण्याऐवजी एक नॅनोव्हीएनए टेबलावर ठेवा आणि प्रत्येकाला आपला बॅलन, विकतचा असो की घरचा, घेऊन यायला सांगा. प्रत्येक बँडवर मोजलेला आकडा त्याच्या पेटीवर न पुसणाऱ्या शाईने लिहा, आणि विक्रेत्याचे नाव व आकडा एका वहीत नोंदवून ती वही सर्वांना खुली ठेवा.